घर आधी, साप मागून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांवरच्या पानावर एका मुलाचा फोटो होता. दहा-अकरा वर्षांचा असेल. पुढ्यात काचेची पेटी, पेटीत केशरी रंगाचा लहानसा कॉर्न स्नेक, आणि मुलाच्या चेहऱ्यावर इतका आनंद की मी तो फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. मग चष्मा लावून पाहिला, कारण काहीतरी खटकत होते. पेटीच्या आत एक दिवा लोंबत होता. तळाशी रंगीत वाळू होती आणि एका कोपऱ्यात बाटलीच्या झाकणाएवढी पाण्याची वाटी. सापाला अंग चोरून बसता येईल असा आडोसा कुठेच नव्हता. थर्मामीटर दिसत नव्हता. वर एक जाळी नुसती टेकवून ठेवलेली होती. शेजारच्या मजकुरात म्हटले होते की सापासारखा सांभाळायला सोपा प्राणी नाही, आठवड्यातून एकदा खायला घातले की झाले. ते वाचून हे पत्र लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही, शिवणकाम करते. माझ्या शिवणाच्या खोलीत गेली बारा वर्षे एक कॉर्न स्नेक राहतो. मुलगा सोळा वर्षांचा असताना त्याच्या हट्टाने तो घरी आला. पाळलेल्या सापांच्या पोटी जन्मलेला, सोबत रीतसर कागदपत्रे, जाडी पेन्सिलीएवढी आणि लांबी जेमतेम 30 सेंटीमीटर. रंगावरून त्याचे नाव केशर ठेवले. दोन वर्षांनी मुलगा शिकायला बाहेर गेला, नोकरीही त्याला तिकडेच लागली, आणि केशर माझ्याकडे राहिला. आज तो 130 सेंटीमीटर लांब आहे, वजन 640 ग्रॅम. त्याचे करता करता मला जे कळले त्यातले बरेचसे चुकांमधून कळले, आणि त्या चुकांचे भोग त्याच्या वाट्याला आले. म्हणून सविस्तर लिहिते आहे. पत्र लांबेल, पण जमल्यास पूर्ण छापावे.

सगळ्यात मोठी चूक उष्णतेची झाली. साप आपल्यासारखी अंगात ऊब तयार करत नाही. खाल्लेले पचवायचे, आजाराशी झुंजायचे, तर ऊब बाहेरून घ्यावी लागते. एवढे आम्ही वाचले होते. म्हणून पेटीच्या तळाला खालून चिकटवायची हीट मॅट आणली, प्लग लावला आणि निर्धास्त झालो. तिला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या अंशाला ऊब आपोआप बंद-चालू करणारे यंत्र, लागतो हे विकणाऱ्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी केशर पाणी प्यायला आला. वाटीच्या काठावर त्याने अंग टाकले तेव्हा पोटाकडची बाजू मला दिसली. कॉर्न स्नेकच्या पोटावर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी असतात. त्यातले सहा-सात खवले तपकिरी पडले होते. इस्त्री क्षणभर जास्त टेकली की सुती कापडावर जसा डाग उमटतो, अगदी तसा. दोन ठिकाणी फोड आले होते आणि एक फुटून ओला झाला होता. माझ्या काळजात चर्र झाले.

त्या दिवशी पहिल्यांदा तळाच्या काचेवर थर्मामीटर टेकवला. आकडा 46 अंश सेल्सिअस. केशरला लागतात 29 ते 31. मला कळेना की भाजत असताना हा उठला का नाही. पुढे डॉक्टरांनी समजावले तेव्हा उमगले. बाकीची पेटी गार पडली होती, खोली 17 अंशांवर होती. अंगाला ऊब कमी पडत होती म्हणून तो एकाच गरम तुकड्याला रात्रभर पोट लावून पडून राहिला. पोटाखालची जागा धोक्याइतकी तापली हे सापाला वेळेवर जाणवतेच असे नाही, आणि जाणवले तरी जायला दुसरी उबदार जागा हवी ना! ती आम्ही ठेवलीच नव्हती.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर शोधण्यात आमचा अख्खा दिवस गेला. ज्यांना फोन केले त्यातले बरेच जण म्हणाले, आम्ही कुत्री-मांजरेच पाहतो. शेवटी एक बाई मिळाल्या. त्यांनी जखम धुऊन सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम लावायला दिले, पेटीतला सगळा भुसा काढून टाकायला लावला आणि खाली नुसता पांढरा टिश्यू पेपर अंथरून तो रोज बदलायला सांगितला. तसे केले. एक कात निघाली, डाग तसाच. दुसरी निघाली, थोडा फिका. चौथ्या कातीनंतर खवले पुन्हा नीट बसले. त्यातले दोन आजही किंचित मुडपलेले आहेत. केशर काचेवर चढला की ते मला दिसतात.

म्हणून माझे पहिले सांगणे : थर्मोस्टॅटशिवाय कोणतेही तापवायचे साधन सापाच्या पेटीला लावू नका. दिवा असो, मॅट असो, सिरॅमिकचा हीटर असो. थर्मोस्टॅटची जी तार असते, तिच्या टोकाशी तापमान ओळखणारा सेन्सर असतो. तो पेटीत कुठेही लोंबता सोडायचा नाही. साप जिथे प्रत्यक्ष अंग टेकवतो त्या जागी पक्का बसवायचा. सैल राहिला आणि सापाने ढकलून गार कोपऱ्यात नेला, तर यंत्राला वाटते पेटी थंड आहे आणि ते तापवतच राहते. दिवा आत असेल तर त्याला जाळीचा पिंजरा हवाच, नाहीतर साप त्याच्याभोवती वेटोळे घालून बसतो. त्या फोटोतल्या दिव्याला पिंजरा नव्हता. मॅटऐवजी आता मी वरून ऊब देते, खाली एक चपटी दगडी फरशी ठेवते. केशर दुपारनंतर तिच्यावर पसरतो. आतून तापणारे विजेचे दगड मिळतात, ते मात्र आणूच नका. ते एका ठिकाणी भलतेच तापतात.

दुसरी गोष्ट, अख्खी पेटी एकसारखी गरम करायची नसते. एक बाजू उबदार, एक बाजू गार. कॉर्न स्नेकला गार बाजू 22 ते 24 अंश चालते. मध्ये हळूहळू उतरत जाणारे तापमान. साप दिवसभर आपल्या गरजेप्रमाणे जागा बदलतो. खाल्ल्यावर उबेला जातो, नंतर गारव्याला येतो. त्याचा दवाखाना म्हणा, स्वयंपाकघर म्हणा, ते या उतारातच आहे. बॉल पायथन हा लहान जातीचा अजगर पाळणाऱ्यांना उबेची बाजू 31 ते 33 ठेवावी लागते आणि हवेत दमटपणाही बराच जास्त, साठ टक्क्यांच्या वर. तेव्हा कोणता साप आणायचा ते आधी ठरवा आणि त्याप्रमाणे पेटी लावा. काचेवर चिकटवायच्या काटेवाल्या तबकड्यांवर विश्वास ठेवू नका. माझ्याकडच्या एका तबकडीत सहा अंशांचा फरक निघाला. डिजिटल थर्मामीटर दोन घ्या, एकेका टोकाला एक.

आणि हे सगळे साप येण्याआधी. माझ्या पत्रातले एकच वाक्य आपण छापणार असाल तर हे छापा : पेटी आणा, सगळे जोडा, आणि साप न आणता ती दोन आठवडे चालवून पाहा. सकाळ, दुपार, रात्र आकडे वहीत लिहा. गार रात्री काय होते, दुपारी ऊन आले की काय होते, वीज गेली तर पेटी किती वेळात थंड पडते, हे रिकाम्या पेटीने कळू द्या. माझ्या ओळखीच्या एका मुलीने असे केले. तिच्या लक्षात आले की खिडकीतून येणारे दुपारचे ऊन काचेवर पडले की वीस मिनिटांत पेटीचा तवा होतो. तिने पेटी आतल्या भिंतीला हलवली आणि मगच साप आणला. तिच्या सापाला त्या उन्हाची गंधवार्ताही नाही.

आता आडोसा. त्या फोटोत मला सगळ्यात जास्त वाईट कशाचे वाटले असेल तर याचे. कॉर्न स्नेक रानात दिवसाचा पुष्कळ वेळ सालीखाली, बिळात, लाकडाच्या ढिगात काढतो. त्याला खाणारे पक्षी वरून येतात. उघड्यावर पडलेल्या सापाच्या लेखी कोणीतरी सतत वर घिरट्या घालत असते. आणि त्याच्या डोळ्यांना पापण्या नाहीत, त्यामुळे मिटूनही घेता येत नाहीत. पेटीत निदान दोन आडोसे हवेत, एक उबेच्या बाजूला, एक गार बाजूला. एकच ठेवला तर बिचाऱ्याला निवड करावी लागते, ऊब घ्यायची की लपायचे. बहुतेक साप लपणे निवडतात आणि मग खाल्लेले पचत नाही. आडोसा प्रशस्त नको. साप आत वेटोळे घालून बसला की त्याच्या अंगाला सगळीकडून भिंती लागल्या पाहिजेत. फार सजावटीचा नसला तरी चालतो. केशरचा गार बाजूचा आडोसा म्हणजे दोऱ्यांची रिळे ठेवायचा माझा जुना लाकडी डबा, एका बाजूला भोक पाडून कडा घासून घेतलेला. बारा वर्षांत त्याने तीन विकतचे आडोसे नाकारले, हा डबा नाही.

पेटीच्या मापाबद्दल. लहान पेटीत साप सुखी असतो असे पूर्वी सांगत असत. सापाला सरळ ताणून पडता आले पाहिजे, हे माझे माप. केशरची पेटी 120 सेंटीमीटर लांब, 60 रुंद, 60 उंच आहे, आणि तो वाढल्यापासून तीही मला तोकडी वाटते. पुढची मोठी करणार आहे. पिल्लाला मोठी पेटी दिली तर ते घाबरते असे म्हणतात. ते घाबरते मोकळ्या जागेला. पेटी पाने, सालीचे तुकडे, आडव्या फांद्या यांनी भरलेली असली की पिल्लू तिच्यात बिनधास्त फिरते. कॉर्न स्नेक चढतोही, म्हणून पक्की बसवलेली एखादी फांदी हवी. खाली अंथरायला अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा भुसा किंवा नारळाच्या सोडणाचा चुरा. देवदार आणि पाइनचा वास येणारा भुसा नको, त्यातल्या तेलाचा सापाच्या फुप्फुसांना त्रास होतो. रंगीत वाळूही नको, ती अन्नाला चिकटून पोटात जाते. पाण्याचे भांडे जड, न उलटणारे, सापाला आत वेटोळे घालून बसता येईल इतके मोठे. पाणी रोज ताजे.

झाकण! यावर मी जरा थांबते. केशर दोन वर्षांचा असताना एका रात्री झाकणाची एक खिट्टी लावायची राहिली. सकाळी पेटी रिकामी. साप बारीक दिसतो पण त्याचे सगळे अंग म्हणजे स्नायू आहे. डोके ज्या फटीतून जाते, त्या फटीतून बाकीचा सापही जातो. तीन दिवस जीव टांगणीला लागला. खोलीचे दार बंद करून त्याच्या खालची फट मी चिंध्यांनी गच्च भरली, आणि रात्री झोपण्याआधी भिंतीच्या कडेने मार्किंगच्या खडूची पूड पातळ पसरली. चौथ्या पहाटे त्या पुडीत नागमोडी रेघ दिसली. रेघ कपाटाकडे गेली होती. सगळ्यात खाली अस्तराच्या कापडाचा गठ्ठा होता, त्याच्या तिसऱ्या घडीत केशर होता, गार आणि मंद. तेव्हापासून पेटीला दोन खिट्ट्या आणि एक लहान कुलूप आहे. वर नुसती टेकवलेली जाळी साप एका रात्रीत उचलतो. फोटोतल्या मुलाच्या घरच्यांनी हे आजच पाहावे.

खाण्याबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात आणि त्यात सांगण्यासारखे थोडेच आहे. कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन उंदीर खातात, त्याला पर्याय नाही. हे ज्यांना पाहवत नाही त्यांनी साप आणू नये, यात कमीपणा काहीच नाही. गोठवलेले उंदीर मिळतात. रात्रभर फ्रिजमध्ये हळू वितळवायचे, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवून अंगाएवढे कोमट करायचे, पुसायचे आणि लांब चिमट्याने द्यायचे. मायक्रोवेव्ह नाही. जिवंत उंदीर सोडणे तर मुळीच नाही. घाबरलेला उंदीर सापाला चावतो, डोळाही फोडू शकतो. उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, फार तर किंचित जास्त. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी एकदा, मोठ्याला दहा ते चौदा दिवसांनी. पाळलेले साप उपाशी मरतात त्यापेक्षा लठ्ठ होऊन आजारी पडलेले जास्त दिसतात, असे आमच्या डॉक्टरबाई म्हणतात. मी दर महिन्याला केशरला डब्यात ठेवून वजनकाट्यावर तोलते आणि वहीत लिहिते. बॉल पायथन कधी कधी कित्येक महिने खात नाही. वजन टिकून असेल आणि साप तरतरीत असेल तर घाबरू नये, पण ते वहीशिवाय कसे कळणार?

खाल्ल्यावर निदान दोन दिवस सापाला हात लावायचा नाही. माझ्या भाच्याने एकदा त्याच संध्याकाळी केशरला उचलले आणि त्याने सगळे ओकून टाकले. त्यानंतर त्याला बारा दिवस काही दिले नाही, आणि मग नेहमीच्या निम्म्या आकाराचे. पोटातली आम्ले उलट वर आलेली असतात, आतली त्वचा भरून यायला वेळ लागतो.

कातीविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, कारण सापाच्या सहवासात मला सगळ्यात जास्त आनंद देणारी गोष्ट तीच आहे. काही दिवस आधी केशरचा रंग मावळतो, डोळे दुधाळ निळे होतात. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साठतो, त्याने ते तसे दिसतात. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तो चिडचिडा होतो, मी पेटी उघडतही नाही, फक्त पाणी बदलते. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि दोन-चार दिवसांनी तो नाक दगडावर घासू लागतो. ओठाच्या कडेला कात सुटते, आणि तो तिच्यातून पुढे सरकत राहतो. घामाने चिकटलेली बाही ओढून काढताना जशी उलटी होत निघते, तशी कात उलटी होत मागे पडते. मागच्या खेपेला ती मी हलकेच पाण्यात भिजवून टेबलावर पसरली आणि टेपने मोजली. 152 सेंटीमीटर. खवल्यांच्या मधली घडी उघडते म्हणून कात सापापेक्षा लांब भरते. डोक्यापाशी डोळ्यांच्या दोन चकत्या होत्या, घड्याळाच्या इवल्या काचांसारख्या. त्या दोन्ही आहेत ना, हे प्रत्येक वेळी पाहायचे. पापणीच्या जागी सापाला हा पारदर्शक खवला असतो, आणि तो जर डोळ्यावरच राहून गेला तर ओढून काढायचा मोह आवरायचा. खालचा डोळा दुखावतो. कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली तर पेटीत ओलावा कमी आहे असे समजावे. त्या दिवसांत ओलसर शेवाळ भरलेला एक डबा ठेवला की बहुतेक वेळा काम होते. शेपटीच्या टोकाला राहिलेली कात मात्र दुर्लक्षू नका. ती दोऱ्यासारखी आवळत जाते आणि टोक वाळून पडते.

आजार ओळखणे अवघड असते, कारण साप ओरडत नाही, विव्हळत नाही. त्याला आपल्यासारखे श्वासपटल नाही, त्यामुळे फुप्फुसात साचलेले खोकून बाहेरही टाकता येत नाही. तोंड उघडे ठेवून मान वर करून बसला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, नाकपुडीशी बुडबुडे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर. हिरड्या लाल, तोंडात दह्यासारखा चिकटा, तरीही डॉक्टर. आणि साप दिवसच्या दिवस पाण्याच्या भांड्यात पडून राहू लागला तर पाण्याकडे निरखून पाहा. टाचणीच्या डोक्याहून लहान काळे ठिपके तरंगताना दिसले तर ते माइट्स आहेत, सापाचे रक्त पितात. एका पेटीत दोन साप ठेवू नका. त्यांना सोबत लागत नाही, आणि एकाचा आजार दुसऱ्याला लागतो. डॉक्टरचा पत्ता साप आणायच्या आधीच लिहून ठेवा. आमच्यासारखा भाजलेला साप घरात आणि हातात फोन, अशी वेळ कोणावर येऊ नये.

फोटोत मूल होते म्हणून आणखी एक. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावर, विष्ठेत साल्मोनेला हे माणसाला आजारी पाडणारे जिवाणू असू शकतात. सापाला, पेटीला, भांड्याला, गोठवलेल्या उंदराला, कशालाही हात लागला की साबणाने धुवायचे. पेटीतली भांडी स्वयंपाकाच्या मोरीत धुवायची नाहीत. पाच वर्षांखालची मुले, म्हातारी माणसे, गरोदर बायका, औषधांनी प्रतिकारशक्ती कमी झालेली माणसे यांनी सापाला हाताळू नये. सापाला गालाशी लावून फोटो काढायची हौस मुलांना असते. ती हौस कृपया वर्तमानपत्राने वाढवू नये.

हाताळणे म्हणाल तर घरी आल्यावर पहिले एक-दोन आठवडे त्याला जागेची सवय होऊ द्यावी. नंतरही वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नये, बाजूने न्यावा, मधल्या अंगाला आधार द्यावा. साप तुम्हाला ओळखतो का, असे मला विचारतात. केशर माझ्या हातावर शांत राहतो आणि परक्या हातावर जीभ भराभर बाहेर काढतो. हवेतला वास जिभेवर घेऊन टाळूतल्या इंद्रियाला पोचवायची त्याची ती पद्धत आहे. एवढे मी पाहिले आहे, यापेक्षा जास्त त्याच्या तोंडी घालणार नाही. पण त्याच्यावर माझा जीव आहे.

आता आयुष्याचे बोलते. कॉर्न स्नेक नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. बॉल पायथन वीस-तीस. अमेरिकेतल्या सेंट लुइस प्राणिसंग्रहालयात 1961 साली दिलेल्या एका बॉल पायथन मादीने 2020 साली सात अंडी घातली, तेव्हा तिचे वय साठच्या वर होते. फोटोतला मुलगा आज दहाचा. त्याचा साप म्हातारा होईल तेव्हा तो कॉलेज, नोकरी, कदाचित संसार, सगळे गाठून बसलेला असेल. माझ्या घरी जे झाले ते बहुतेक घरांत होते. म्हणून साप आणताना आईवडिलांनी स्वतःला विचारावे की उद्या हा आपल्याकडे राहिला तर आपण त्याचे करू का? मुलाला विचारून उपयोग नाही, तो हो म्हणणारच.

आणि नकोसा झाला म्हणून साप बाहेर सोडणे कधीही नाही. बहुतेक असे साप थंडीने, भुकेने मरतात. जे जगतात ते त्याहून मोठे संकट होतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात बर्मी अजगर आज पसरले आहेत ते पाळीव सापांच्या व्यापारातून सुटलेले आणि सोडलेले. तिथल्या रॅकून, ओपोसम यांसारख्या प्राण्यांची संख्या त्यांनी फार खाली आणली. उलट, रानातला साप धरून घरी आणणेही नाही. अनेक ठिकाणी तो गुन्हा आहे, आणि धरलेला साप अंगात जंत आणि मनात धास्ती घेऊन येतो, बऱ्याचदा खायचेच सोडतो. बॉल पायथन तर वन्यजीव व्यापाराच्या 1973 च्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, एका देशातून दुसऱ्या देशात न्यायला परवाना लागतो. आपण राहतो तिथे कोणता साप पाळता येतो, कोणता नाही, हे वनखात्याकडे आधी विचारावे आणि साप जन्मला कुठे याचे कागद मागून घ्यावेत. कागद दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून काही घेऊ नये.

संपादक महोदय, माझी आपल्याला एक विनंती आहे. त्या पुरवणीत पुढच्या एखाद्या रविवारी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एखाद्या डॉक्टरला लिहायला सांगा, आणि सोबत नीट लावलेल्या पेटीचा फोटो छापा, दोन आडोसे आणि थर्मामीटर दिसेल असा. सुंदर सापाचा फोटो पाहून मुले हट्ट धरतात. नीट पेटी पाहिली तर तसलीच पेटी हवी असाही हट्ट धरतील.

त्या मुलाचा पत्ता आपल्याकडे असेल. माझ्याकडे एक जास्तीचा थर्मोस्टॅट आहे, चालू स्थितीतला, तो या पत्रासोबत पाठवते आहे. कृपया त्याच्या घरी पोचता करावा. सेन्सरच्या टोकाला मी लाल दोरा गुंडाळला आहे; ते टोक दिव्याखालच्या जागी, साप जिथे बसतो तिथे, पक्के बसवायचे आणि आकडा 30 वर ठेवायचा. पाकिटात माझ्या वहीतले एक कोरे पानही आहे, वेळ आणि दोन्ही बाजूंचे तापमान लिहायला रकाने आखून ठेवले आहेत. वाळू काढून टाकायला त्यांना सांगा, आणि पेटीत एखादे पुठ्ठ्याचे खोके उलटे ठेवायला, एका बाजूला भोक पाडून. आडोसा विकत मिळेपर्यंत तेवढ्याने भागेल.

आपली नम्र,
एक वाचक
(नाव व पत्ता पत्रासोबत वेगळा दिला आहे, तो छापू नये.)